तिरुवेर्काडु

तिरुवेर्काडु : तमिळनाडूच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यातील, चेन्नईच्या पश्चिमेस कूवम नदीकाठी वसलेले नगर व शैव तीर्थक्षेत्र. नाव तीन तमिळ शब्दांचे : तिरु (श्री), वेल (बाभळीच्या कुळातील काटेरी झाड) आणि काडु (रान). तमिळ संधीत ‘ल्’पुढे ‘क’ आला की ‘ल्’चा ‘र्’ होतो, म्हणून वेल-काडुचे वेर्काडु झाले. मुरुगन या देवाच्या भाल्यालाही तमिळमध्ये वेलच म्हणतात. पण या नावातला वेल झाडाचा आहे.

हे झाड म्हणजे वेळ्वेल, म्हणजेच महाराष्ट्रातला हिवर. कोरड्या, निकस जमिनीत वाढणारा, पांढुरक्या सालीचा आणि जोडकाट्यांचा हा वृक्ष पावसाळ्यात फिकट पिवळ्या गोंड्यांनी भरून जातो. शेळ्या त्याच्या शेंगा आवडीने खातात. त्याची साल दारू गाळताना वापरत, आणि तमिळ देशातील ‘पट्टै सारायम’ या गावठी दारूच्या नावात सालच (पट्टै) आहे. काळसर सालीच्या बाभळीला तमिळ माणूस करुवेल म्हणतो. हा काळ्या-पांढऱ्याचा भेद सालीवरून केलेला आहे.

येथील वेदपुरीश्वर मंदिराचा स्थलवृक्ष वेळ्वेल आहे. चारही वेद वेल वृक्षांच्या रूपाने येथे उभे राहून शिवाची उपासना करू लागले, असे स्थलकथा सांगते. काट्याच्या झाडाला इतका मान क्वचितच मिळाला असेल! कथा बहुधा नावानंतरची असावी. आधी रान, मग गाव, मग पुराण, असाच क्रम संभवतो. अगस्त्यांना शिव-पार्वतीच्या विवाहाचे दर्शन येथे घडले अशीही श्रद्धा असून गाभाऱ्यात लिंगामागे विवाहमूर्ती आहे. सातव्या शतकातील संत संबंदर यांनी या स्थळावर पदे रचली. नायन्मार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रेसष्ट शैव संतांपैकी मूर्ख नायनार याच गावचे. जुगारात जिंकलेल्या पैशावर ते शिवभक्तांना जेवू घालत, असे चरित्र सेक्किळारांच्या बाराव्या शतकातील ‘पेरिय पुराणम्’मध्ये येते. आज मात्र यात्रेकरूंची मोठी गर्दी गावातील देवी करुमारीअम्मनकडे असते.

झाडावरून गाव ओळखण्याची रीत या परिसरात सर्रास दिसते. पुरसैवाक्कम पळसाचे, तर मांगाडु आंब्याच्या रानाचे. महाराष्ट्रातही हिवरा, हिवरखेड, बाभुळगाव अशी नावे जागोजाग आढळतात. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायर परगण्यातील ब्लॅकथॉर्न या खेड्याचे नाव काळ्या सालीच्या एका काटेरी झुडपावरून पडले आहे, आणि तेथील अँग्लो-सॅक्सन सनदांत हद्दीची खूण म्हणून काटेरी झाडाचा उल्लेख वारंवार येतो. चेन्नईच्या उपनगरांनी वेढल्यावर तिरुवेर्काडुचे रान संपले आहे. वेळ्वेलाची आठवण गावाच्या नावात आणि वेदपुरीश्वराच्या स्थलवृक्षात उरली आहे.