तंबूतील पडदा ते दिवाणखान्यातील पडदा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात चित्रप्रक्षेपणाच्या गुणवत्तेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :
घरगुती प्रोजेक्टरवर उत्तम चित्र कसे मिळवावे, हा आजच्या मध्यमवर्गीय कुटुंबास पडणारा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याची परंपरा सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे. यात्रेतील तंबूत चित्रपट दाखविणाऱ्या ऑपरेटरनेही याच प्रश्नाची उकल आपल्या परीने केली होती. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील चित्रप्रक्षेपणाचा इतिहास बीड जिल्ह्याच्या सामाजिक पार्श्वभूमीवर तपासला असून, चित्राची गुणवत्ता ही केवळ यंत्राच्या किमतीवर नव्हे तर अंधार, पडदा, अंतर आणि चालविणाऱ्याचे कसब यांवर अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : चित्रप्रक्षेपण, शांबरिक खरोलिका, तंबू टॉकीज, कार्बन आर्क, होम थिएटर, बीड जिल्हा.

प्रस्तावना :
चित्रपटाचा इतिहास हा बहुधा निर्माते, दिग्दर्शक व कलावंत यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. चित्रपट निर्माण झाल्यानंतर तो प्रेक्षकांच्या डोळ्यांपर्यंत कसा पोहोचला, पडद्यावर उमटलेले चित्र उजळ होते की अंधुक, स्थिर होते की थरथरणारे, याचा विचार त्या मानाने फारच कमी झाला. वास्तविक पाहता ग्रामीण प्रेक्षकाच्या दृष्टीने चित्रपट म्हणजे त्याच्या गावच्या पडद्यावर त्या रात्री दिसलेले चित्र होय. मुंबईच्या प्रेक्षकाने पाहिलेला चित्रपट आणि तोच चित्रपट अनेक महिन्यांनंतर, झिजलेल्या प्रतीवरून पाहणारा बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील प्रेक्षक यांचा अनुभव एकच होता असे म्हणता येणार नाही.

उद्दिष्टे :
१) महाराष्ट्रातील चित्रप्रक्षेपणाच्या प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) तंबू टॉकीजमधील ऑपरेटरच्या तांत्रिक ज्ञानाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) त्या ज्ञानाची आजच्या घरगुती व वर्गातील प्रोजेक्टरच्या संदर्भातील उपयुक्तता तपासणे.

१. प्रारंभिक टप्पा : काचेवरील चित्र ते हलते चित्र
महाराष्ट्रात पडद्यावर चित्र पाहण्याची सवय सिनेमाच्या आधीच रुजू लागली होती. कल्याण येथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्या दिव्यासमोर धरून, एका चित्रातून दुसरे चित्र अलगद उमटवून ते पौराणिक कथा सादर करीत असत. येथे चित्राची गुणवत्ता चित्रकाराचा कुंचला, दिव्याची ज्योत आणि काच सरकविणाऱ्याचा हात या तीन गोष्टींवर अवलंबून होती.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ झाला. त्यानंतर हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर तथा सावेदादा यांनी कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रीकरण केले. ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. मूकपटांच्या काळातील बरेचसे प्रोजेक्टर हाताने फिरवावे लागत. साहजिकच चित्राचा वेग ऑपरेटरच्या मनगटावर ठरत असे. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला व बोलपटांचे युग सुरू झाले. ध्वनीमुळे सेकंदाला २४ चौकटी हा वेग निश्चित झाला, कारण वेग बदलला की आवाज बिघडत असे. एका अर्थाने आवाजाने चित्राला शिस्त लावली.

२. बीड जिल्हा : वितरणाच्या अखेरच्या टोकावर
बीड जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला. राजकीय नकाशा असा बदलला, तरी चित्रपट-व्यवसायाचा नकाशा मात्र बदलला नाही. हिंदी चित्रपटांच्या वितरणात मराठवाड्याचे जिल्हे ‘निजाम’ या नावाच्या प्रदेशातच गणले जात राहिले. संस्थान विलीन झाल्यानंतरही चित्रपटांच्या हिशेबवहीत ते शिल्लक राहावे, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी आहे.

वितरणाच्या या साखळीचा थेट परिणाम चित्रावर होत असे. चित्रपटाच्या मोजक्याच प्रती काढल्या जात. त्या प्रथम मोठ्या शहरांत, नंतर जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी आणि सरतेशेवटी तंबूत येत. प्रत्येक खेळात फिल्मवर ओरखडे पडत, छिद्रे फाटत, तुटलेला भाग कापून जोड दिला जाई. जिल्ह्याच्या बहुतांश भागात रेल्वे नव्हती. बीड शहर तर १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरशी रेल्वेने जोडले गेले. तोपर्यंत शहरापर्यंतची सर्व वाहतूक रस्त्यावर अवलंबून होती. तात्पर्य, येथील ऑपरेटरच्या हाती मुळातच दुय्यम दर्जाची प्रत पडत असे व तिच्यातून चांगले चित्र काढणे हे त्याचे काम होते.

जिल्ह्यातील लोकजीवन यात्रांच्या चक्राशी बांधलेले आहे. कपिलधारची कार्तिक पौर्णिमा, अंबाजोगाईच्या योगेश्वरीचा मार्गशीर्ष उत्सव, परळी वैजनाथची महाशिवरात्र आणि त्यानंतर चैत्र-वैशाखातील गावोगावच्या जत्रा असा हा क्रम होय. ऊसतोडीसाठी दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात आणि जत्रेच्या वेळी हाती थोडा पैसा असतो. महाराष्ट्रात फिरत्या सिनेमाचा व्यवसाय अशाच यात्रा-जत्रांच्या आधाराने वाढला व टिकला.

३. तंबूतील प्रयोगशाळा
तंबू टॉकीजमध्ये प्रोजेक्टर बहुधा ट्रकच्या हौद्यात बसविला जाई आणि समोर पडदा ताणला जाई. वीज डिझेल इंजिनावरील जनित्राची असे. प्रकाशासाठी कार्बन आर्कचा वापर होई. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विद्युतप्रवाहाची ठिणगी पेटवून तिचा प्रखर प्रकाश आरशाच्या साह्याने फिल्मवर टाकला जात असे. कांड्या जळत जात, त्यामुळे त्यांच्यातील अंतर सतत वाढे. ते वेळोवेळी सावरले नाही तर उजेड मंदावे किंवा थरथरू लागे आणि पडद्याच्या कडांवर निळसर वा तांबूस छटा उमटत. रंगीत काचेतून ज्योतीकडे व झरोक्यातून पडद्याकडे आळीपाळीने पाहत राहणे हे ऑपरेटरचे अखंड काम होते.

याखेरीज आणखी काही अडचणी होत्या. फिल्म सेकंदाला २४ वेळा क्षणभर थांबते व पुढे सरकते. सरकतानाच्या क्षणी पडदा झाकण्यासाठी फिरती पाती असतात. त्यांचा मेळ बिघडला की अक्षरांना पांढऱ्या शेपट्या फुटल्यासारखे दिसते. एक हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटे चाले. तंबूत एकच यंत्र असल्यास रीळ बदलताना खेळ थांबवावा लागे, तर दोन यंत्रे असल्यास चित्राच्या कोपऱ्यातील खूण पाहून दुसरे यंत्र सुरू केले जाई. १९५९ मध्ये ‘कागज के फूल’द्वारे भारतात सिनेमास्कोप आला. अशा रुंद चित्रासाठी वेगळे भिंग लागे. ते न लावल्यास पात्रांचे चेहरे उभट दिसत.

पडद्याचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता. साध्या कापडातून काही प्रकाश आरपार जातो. त्यामुळेच गणेशोत्सवातील रस्त्यावरच्या खेळांत कापडाच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षक बसू शकत. मागच्या बाजूच्या प्रेक्षकांना अक्षरे उलटी दिसत असली तरी त्यांची तक्रार नसे. मात्र आरपार गेलेला प्रकाश समोरच्या प्रेक्षकाच्या वाट्यातून वजा होतो. वाऱ्याने पडदा फुगला की मध्यभाग व कडा एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून पडदा चारही बाजूंनी घट्ट ताणणे, त्याला काळी किनार ठेवणे, बाहेरच्या दुकानांचा उजेड कनातीने अडविणे आणि पुरता अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू न करणे या गोष्टी आवश्यक ठरत. प्रकाशशास्त्राचे पुस्तक न वाचता प्रकाशशास्त्राचे नियम पाळणारा हा वर्ग होता.

४. तंबूची पीछेहाट
घरात चित्र दाखविण्याची कल्पनाही जुनीच आहे. १९२२ मध्ये पाथे कंपनीने ९.५ मिलिमीटरचा आणि १९२३ मध्ये कोडॅकने १६ मिलिमीटरचा घरगुती संच आणला. तथापि तो श्रीमंतांपुरता मर्यादित राहिला. ग्रामीण भागात १६ मिलिमीटरचे यंत्र प्रामुख्याने शासकीय प्रचारपटांच्या रूपाने व उत्सवांतील भाड्याच्या खेळांतून पोहोचले. १९८० च्या दशकात रंगीत दूरदर्शन व व्हिडिओ, तर नंतर सीडी व उपग्रह वाहिन्या यांमुळे तंबूचा प्रेक्षक घटला. २००५ पासून युएफओ मूव्हीजसारख्या संस्थांनी उपग्रहाद्वारे डिजिटल चित्रपट पोहोचविण्यास सुरुवात केली आणि पुढील दशकभरात फिल्मच्या प्रती जवळजवळ बंद झाल्या. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा २०१६ मधील माहितीपट महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाच्या याच संक्रमणाची नोंद घेतो.

५. होम थिएटर : जुने प्रश्न, नवे यंत्र
१९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेक यांनी सूक्ष्म आरशांची चकती तयार केली. तिच्यावर आधारलेले डीएलपी आणि दुसऱ्या बाजूने एलसीडी प्रोजेक्टर यांमुळे मोठे चित्र घरात आले. परंतु यंत्र बदलले तरी प्रकाशाचे नियम बदलले नाहीत. हे पुढील चार मुद्द्यांवरून स्पष्ट होते.

अ) आकार व उजेड : डिजिटल चित्रपटगृहांसाठी पडद्याच्या तेजस्वितेचे प्रमाण दर चौरस मीटरला ४८ कँडेला इतके आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर १०० इंची चित्रासाठी एवढे तेज मिळवायचे तर पडद्यापर्यंत सुमारे ४२० ल्यूमेन प्रकाश पोहोचला पाहिजे. चित्र २०० इंची केले की क्षेत्रफळ चौपट होते व चौपट प्रकाश लागतो. वीस फूट रुंद व पंधरा फूट उंच तंबूच्या पडद्यासाठी हाच हिशेब सुमारे ४,२०० ल्यूमेनवर जातो. घराच्या दसपट उजेड तंबूवाल्यास कांड्यांतून काढावा लागे. म्हणून उपलब्ध उजेडास झेपेल एवढाच पडदा घेणे हा पहिला नियम होय.

आ) अंधार : प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. जेथे प्रकाश पडत नाही तेथे खोलीतील उजेडात दिसणारा पडद्याचा रंग हाच काळा ठरतो. खोलीतील दिव्यामुळे पडद्यावर ५ कँडेला एवढे तेज आधीच असेल, तर ४८ कँडेलाच्या चित्रातील उजळ व काळ्या भागाचे गुणोत्तर जेमतेम दहास एक एवढे उरते. मग यंत्राच्या खोक्यावर हजारोंचा आकडा छापलेला असला तरी त्याचा उपयोग नाही. जाड पडदे व गडद भिंती यांवरील खर्च म्हणूनच महागड्या यंत्रावरील खर्चाइतकाच महत्त्वाचा असतो.

इ) मांडणी : यंत्र तिरपे ठेवल्यास चित्र एका बाजूस रुंद होते. ते बटण दाबून चौकोनी करता येते, पण त्यासाठी यंत्र चित्रातील काही बिंदू गमावते. यंत्र मुळातच पडद्यासमोर सरळ बसविणे श्रेयस्कर होय. ट्रक सरळ उभा करण्यामागेही हेच कारण होते.

ई) निगा : बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील धूळ व अनियमित वीज ही प्रोजेक्टरची मोठी शत्रू आहेत. जाळी वेळोवेळी स्वच्छ न केल्यास यंत्र तापते. दिव्याच्या यंत्रात वीज अचानक गेल्यास पंखा थांबतो व दिव्याचे आयुष्य घटते. लेझर वा एलईडी यंत्रांत दिवा बदलण्याची गरज उरत नाही, परंतु धुळीचा प्रश्न कायम राहतो.

महाविद्यालयांतील वर्गखोल्यांकडे पाहिले असता या नियमांचे विस्मरण ठळकपणे जाणवते. उघड्या खिडक्या, चुन्याची भिंत, कोपऱ्यातून तिरपा टाकलेला झोत आणि मागील बाकांवरून न दिसणारी अक्षरे हे दृश्य सर्वपरिचित आहे. यंत्र खरेदीची नोंद साठा-नोंदवहीत होते, अंधाराची तरतूद मात्र कोठेच होत नाही. अशा वर्गात मागच्या बाकावरचा विद्यार्थी वर्गात असूनही पाठापासून वंचित राहतो.

निष्कर्ष :
१) चित्रप्रक्षेपणाचा इतिहास हा केवळ यंत्रांच्या प्रगतीचा इतिहास नसून प्रकाश व अंधार यांच्या नियोजनाचा इतिहास आहे.
२) १९५६ नंतरही वितरणाची जुनी प्रादेशिक विभागणी टिकून राहिली. राज्यांच्या पुनर्रचनेचा परिणाम सर्व क्षेत्रांत एकाच वेळी झाला नाही, याचे हे लक्षणीय उदाहरण होय.
३) डिजिटल यंत्राने ऑपरेटरचे कष्ट वाचविले. तथापि पडदा, अंतर व अंधार यांविषयीचे त्याचे ज्ञान कालबाह्य झालेले नाही. ते घराघरांत व वर्गावर्गांत आजही लागू पडते.
४) हे ज्ञान लिखित स्वरूपात नव्हते, ते हातांत होते. कार्बन आर्कवर काम केलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व भौतिकशास्त्र विभागांनी संयुक्तपणे या ऑपरेटरांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करणे, परवाने, हस्तपत्रके व यंत्रांचे सुटे भाग जतन करणे निकडीचे आहे. यंत्र भंगारात गेले तरी त्याचा नमुना अन्यत्र सापडू शकतो, परंतु ते चालविणाऱ्याचे अनुभव त्याच्यासोबत गेले तर मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासातील हे प्रकरण कायमचे कोरे राहील.