गाडीचें ओझें आणि घाटाचा चढ

बैल किती ओझें नेऊं शकतो, या प्रश्नाला एकच उत्तर देतां येत नाहीं. तें ओझें त्याच्या पाठीवर आहे कीं गाडीवर, गाडीच्या चाकांना लोखंडी धाव आहे कीं रबरी टायर, आणि रस्ता सपाट आहे कीं चढाचा, हें आधीं कळलें पाहिजे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतील मालवाहतुकीचा इतिहास पाहूं गेल्यास याच प्रश्नाचीं बदलत गेलेलीं उत्तरें त्यांत सांपडतात.

हा मुलूख पूर्वीं बराचसा एकाच जिल्ह्यांत मोडत असे. १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस सह्याद्रीची भिंत आणि पूर्वेस कृष्णाकांठचें सपाट काळें रान, अशी येथील भूमीची ठेवण आहे. गाडीरस्ते होण्यापूर्वीं घाटांतून माल जाई तो जनावरांच्या पाठीवरून. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे कोंकणांतलें मीठ वर आणीत आणि देशावरचें धान्य खालीं उतरवीत. पाऊलवाट अरुंद असली तरी चाले. परंतु बैलामागें माल मात्र थोडाच जाई.

तो किती थोडा, हें १९६५ च्या नियमांवरून ध्यानांत येतें. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांवरील क्रौर्यास आळा घालण्यासाठीं केंद्र सरकारनें ते केले. साडेतीनशें किलोंहून अधिक वजनाच्या मोठ्या बैलाच्या पाठीवर १७५ किलोंपेक्षां जास्त ओझें लादूं नये, असें ते सांगतात. तोच बैल दोनचाकी गाडीला जुंपला, तर बिनटायरच्या गाडीस ९०० किलो, टायरच्या गाडीस १,३५० किलो आणि बॉल-बेअरिंग असलेल्या गाडीस १,८०० किलो अशी मर्यादा आहे. बैल तोच, परंतु चाकामुळें त्याचें काम पांचपट ते दहापट झालें.

याचें कारण उघड आहे. पाठीवरचें सारें वजन जनावराला स्वतः पेलावें लागतें. गाडींत तें वजन चाकांवाटे जमीन पेलते. बैलाला फक्त घर्षणावर मात करावयाची असते. आंसाला वंगण घालणें, चाकावर धाव चढविणें आणि १८८८ सालीं डनलॉपनें काढलेला हवेचा टायर, हे सर्व तें घर्षण कमी करण्याचेच उपाय होत.

तथापि गाडीचें सगळेंच वजन जमिनीवर पडत नाहीं. त्याचा कांहीं भाग जुंवावाटे बैलांच्या मानेवर येतो. माल पुढें अधिक भरला तर गाडी धुरजड होऊन मान दबते. मागें अधिक भरला तर ती उलाळ होऊन जूं वर उचललें जातें. म्हणून माल किती भरला याइतकेंच तो कोठें भरला यालाही महत्त्व आहे. २०२२ सालीं वाळवा तालुक्यांतील राजारामनगर येथील राजारामबापू अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनीं 'सारथी' नांवाची योजना मांडली. तिच्यांत दोन बैलांच्या मध्यें एक लहान चाक बसवून मानेवरचा भार जमिनीवर उतरविलेला होता.

आतां चढाचा विचार करावा. चांगला बैल दिवसभर आपल्या वजनाच्या सुमारें एक दशांश इतका जोर लावूं शकतो. चारशें किलोंचे दोन बैल धरले, तर हा जोर ऐंशी किलोंचा होतो. दहा फुटांस एक फूट चढ असेल, तर गाडीच्या एकूण वजनाचा एक दशांश भाग केवळ चढासाठींच ओढावा लागतो; म्हणजे दोन हजार किलोंच्या गाडीस दोनशें किलो. सपाटीवर सहज चालणारी गाडी घाटांत कां अडते, तें या हिशेबावरून कळतें. म्हणूनच त्याच नियमांत, तीस मीटरांत तीन मीटरांहून अधिक असा चढ किलोमीटरभर किंवा त्याहून लांब असल्यास ओझें निम्म्यावर आणावें, असें कलम आहे. खंबाटकी, पसरणी, कुंभार्ली हे घाट ज्यांच्या वाटेवर आहेत, त्यांना या कलमाचा अर्थ निराळा सांगावयास नको. उतार तर चढाहून वाईट. तेथें गाडी मागून बैलांना लोटते आणि प्रश्न ओढण्याचा न राहतां थांबविण्याचा होतो.

यंत्राच्या वाहनांसही हाच न्याय लागू आहे. दोन आंसांच्या मालमोटारीचें मालासह एकूण वजन पूर्वीं १६.२ टनांपर्यंत चाले. २०१८ सालीं ही मर्यादा १८.५ टन झाली. लहान पिकअप मोटारीची मर्यादाही अशीच मोजतात. एकूण मान्य वजनांतून मोटारीचें स्वतःचें वजन वजा केलें म्हणजे भरावयाचा माल उरतो. मागें ट्रेलर जोडला, तर त्याच्या दांडीचा जो भार मोटारीवर टेकतो, तोही या मालांतच धरावा लागतो. येथें मोटार ही बैलाच्या जागीं असते. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या इंजिनांत बळ असेलही, परंतु ब्रेक लावतांच मागचें ओझें आवरेल काय, हें आधीं पाहिलें पाहिजे.

या हिशेबाची खरी कसोटी गळिताच्या हंगामांत लागते. रेठऱ्याच्या, साखराळ्याच्या, सांगलीच्या कारखान्यांकडे उसाच्या गाड्या निघतात. गाडीवानाला पैसे मिळतात ते टनावर. हातीं घेतलेली उचल फेडावयाची असते आणि हंगाम थोड्या महिन्यांचा. अशा वेळीं दोन मोळ्या अधिक रचण्याचा मोह त्याच्या निर्दयपणांतून येतो असें नव्हे. बहुधा तो त्याच्या संसारांतून येतो. बैलास दिवसांतून नऊ तासांहून अधिक जुंपूं नये, हेंही नियमांत आहे. परंतु कारखान्याच्या दारांतील रांगेला तास ठाऊक नसतात. बैलाच्या मानेला आवाळू आलें, कीं हंगामाची मिळकत आणि पुढच्या वर्षाची पेरणी हीं दोन्ही एकदमच अडतात. म्हणून ओझ्याची मर्यादा पाळली जावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनीं काट्यावर गाडीचें वजन पाहतांना गाडीवानाच्या मजुरीचा दरही पाहावयास हवा.