लेझर स्कॅनिंग : औद्योगिक सुरक्षेतील उपयोग

कारखान्यातील यंत्रे, टाक्या, नळ व सांगाडे यांची लेझर किरणांनी त्रिमितीय मोजणी करून तिच्या आधारे स्फोट, आग आणि वायुगळती यांच्या संभाव्य परिणामांची गणिते करण्याची पद्धत. तेलशुद्धीकरण, रसायन उद्योग, इंधनाचे डेपो आणि समुद्रातील तेलफलाट येथे ती उपयोगी पडते.

कारखान्याचे नकाशे लवकर जुने होतात. नवा नळ पडतो, झडप हलते, केबलचे ट्रे वाढतात आणि कागद मात्र तसाच राहतो. इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे 1974 साली तडा गेलेली एक रासायनिक भट्टी काढून तिच्या दोन्ही बाजूंच्या भट्ट्या 20 इंची तात्पुरत्या नळाने जोडण्यात आल्या. या नळाचा आराखडा म्हणजे वर्कशॉपच्या फरशीवरचे खडूचे चित्र. 1 जूनला नळ निखळला, सायक्लोहेक्झेनच्या वाफांचा ढग पेटला आणि 28 माणसे मेली.

स्कॅनर तिपाईवर उभा करतात. त्यातील फिरता आरसा लेझर किरण सर्व दिशांना फेकतो आणि किरण आदळून परत येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर निघते. एका नॅनोसेकंदाचा फरक म्हणजे 15 सें.मी. अंतर, यावरून वेळ किती काटेकोर मोजावा लागतो हे कळते. काही यंत्रे वेळेऐवजी लहरींच्या कलेतील फरक मोजतात. अनेक जागांवरून मिळालेले कोट्यवधी बिंदू एकत्र जुळवले, की कारखान्याचा ‘बिंदुमेघ’ तयार होतो. त्यातून नळ, तुळया, टाक्या ओळखून संगणकीय प्रतिरूप उभारतात.

मोकळ्या जागेत पसरलेला वायू पेटला तर ज्योत तुलनेने सावकाश सरकते. नळांच्या दाटीत तिच्यापुढचा वायू खळबळतो, ज्योतीचे क्षेत्र वाढते, वेग वाढतो आणि दाब झपाट्याने चढतो. म्हणूनच नकाशात सहसा न दाखवलेले बारीक नळही या गणितात मोठे ठरतात. नॉर्वेतील बर्गन येथे ख्रिश्चन मिकेल्सन संस्थेत घडलेली ‘फ्लॅक्स’ ही संगणकप्रणाली अशी गणिते करते. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या फलाटावर 6 जुलै 1988 रोजी 167 जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रत्येक फलाटाच्या चालकाला धोक्यांचा सविस्तर सुरक्षा-अहवाल देणे बंधनकारक झाले.

दाटी केवळ लोखंडाचीच असते असे नाही. 11 डिसेंबर 2005 रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड डेपोत टाकी भरून वाहिली आणि पेट्रोलच्या वाफा पेटल्या. स्फोट अपेक्षेहून कितीतरी तीव्र होता. रस्त्याकडेच्या झाडाझुडपांनी ज्योतीला वेग दिला, असा निष्कर्ष तपासातून निघाला. यंत्रांच्या आराखड्यात झुडपे नसतात. स्कॅनरला मात्र ती दिसतात.

या तंत्राच्या सुरुवातीच्या व्यावसायिक यंत्रांपैकी ‘सायरॅक्स’ बेन कसिरा यांच्या अमेरिकेतील कंपनीने 1990च्या दशकात बाजारात आणले. मोसुलमध्ये जन्मलेल्या या स्थापत्य अभियंत्याने पुढे पुरातन वास्तूंच्या त्रिमितीय नोंदींसाठी ‘सायआर्क’ ही संस्था काढली.

मर्यादाही आहेत. चकचकीत पत्रा, काच आणि वाफ यांमुळे मोजमाप बिघडते. आडोशामागचे काही दिसत नाही. ज्वालाग्राही वायूच्या परिसरात साधे विद्युत उपकरण नेता येत नाही, म्हणून परवाना व वायुमापक लागतो. शिवाय स्कॅनर फक्त बाहेरचा पृष्ठभाग टिपतो. फ्लिक्सबरोचा तो नळ त्याने जागेसह अचूक दाखवला असता. तो दाब सोसेल की नाही, हे अभियंत्यालाच तपासावे लागले असते.