यंत्रे वाढली, माती दबली : शेतीयंत्रांच्या वजनाचा इतिहास

(१) शेतात उतरणारे यंत्र किती जड असावे, हा प्रश्न आजचा नाही. वाफेच्या नांगराबरोबरच तो इंग्लंडमध्ये उभा राहिला होता आणि त्याचे एक चांगले उत्तरही तेव्हाच सापडले होते.

(२) १८५८ साली चेस्टर येथे वाफेवरील नांगरणीसाठी रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे ५०० पौंडांचे पारितोषिक जॉन फाउलर यांना मिळाले. त्यांच्या पद्धतीत इंजिन शेतात शिरतच नसे. पुढे रूढ झालेल्या रचनेत शेताच्या दोन कडांना दोन इंजिने उभी राहत आणि पोलादी दोरखंडाने नांगर आळीपाळीने आपल्याकडे ओढून घेत.

(३) दहा टनांहून जड इंजिन ओल्या रानात रुतले असते. न रुतता चालले असते, तरी त्याने माती चेपली असती. म्हणून वजन कडेला राहिले आणि शेतातून फिरला तो केवळ नांगर.

(४) तेलावर चालणाऱ्या इंजिनाने ही अडचण दूर केली. १९१७ पासून मोठ्या संख्येने तयार होऊ लागलेला फोर्डसन ट्रॅक्टर जेमतेम सव्वा टनाचा होता. तो शेतातून सहज चाले. दोरखंडाची गरज संपली आणि वजनाची धास्तीही ओसरली.

(५) दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत मजूर शहरांकडे वळले. कापणीचे दिवस मोजके आणि माणसे थोडी. तेव्हा एका चालकाने अधिक जमीन उरकणे हाच मार्ग उरला. शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र त्या हिशेबात जमिनीच्या खालच्या थराला जागा नव्हती.

(६) थॉमस केलर आणि डानी ओर या संशोधकांनी २०२२ साली या वाढीचे मोजमाप मांडले. १९५८ मध्ये भरलेले कापणीयंत्र सुमारे ४ टनांचे होते. २०२० पर्यंत ते सुमारे ३६ टनांवर गेले. पृथ्वीवरील सर्वांत जड भूचर असलेल्या सॉरोपॉड डायनासोरांशी त्यांनी या वजनाची तुलना केली.

(७) हे संकट लवकर ध्यानात आले नाही, याचे कारण टायरांत आहे. यंत्रांबरोबर टायरही रुंद झाले, त्यामुळे पृष्ठभागावरील दाब फारसा वाढला नाही. परंतु खोलवर पोहोचणारा ताण प्रामुख्याने चाकावरील एकूण भारावर ठरतो. वरची माती भुसभुशीत दिसत राहिली आणि नांगराच्या फाळाखालचा थर घट्ट होत गेला.

(८) अशा थरात मुळे शिरत नाहीत, पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, उत्पन्न घटते. नांगर तेथवर पोहोचत नाही आणि निसर्गाला ती मोकळी करण्यास दशके लागतात. जगातील सुमारे २० टक्के लागवडीखालील जमिनीला हा धोका मोठा असल्याचा या संशोधकांचा अंदाज आहे.

(९) आता काही देशांत यंत्रांची चाके दरवर्षी त्याच ठरावीक पट्ट्यांवरून चालवली जातात. थोडी जमीन चाकांसाठी सोडायची आणि उरलेली अस्पर्श राखायची, हे त्यामागील तत्त्व. फाउलर यांची इंजिने शेताच्या कडेला उभी राहत, तीही याच कारणाने.