देवपुत्र आणि नेफिलीम : चार वचनांचा वाद

बायबलांतील 'उत्पत्ति' या पहिल्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभीं, जलप्रलयाच्या कथेच्या उंबरठ्यावर, चार लहान वचनें आहेत. पृथ्वीवर मनुष्यांची वाढ झाली. त्यांच्या कन्या सुंदर आहेत असें देवपुत्रांनीं पाहिलें आणि मनास येतील त्या बायका केल्या. देवानें मनुष्याच्या दिवसांस १२० वर्षांची मर्यादा घातली. आणि त्या काळीं व पुढेंहि पृथ्वीवर नेफिलीम होते. पुरातन काळचे नामांकित वीर ते हेच. इतकें सांगून ग्रंथकार थांबतो. देवपुत्र कोण, नेफिलीम कोण, त्यांचा परस्परांशीं संबंध काय, याचा खुलासा तो करीत नाहीं. तो खुलासा करण्यांत दोन हजारांहून अधिक वर्षें पंडितांच्या पिढ्या खपल्या. वरवर पाहतां हा शब्दार्थाचा वाद दिसतो. परंतु त्याच्या मुळाशीं एक गंभीर प्रश्न आहे. जगांत पाप आलें तें बाहेरून, कीं मनुष्याच्या अंतःकरणांतून?

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. 'नेफिलीम' या हिब्रू शब्दाचें नातें पुष्कळ पंडित 'पडणें' या अर्थाच्या धातूशीं जोडतात. म्हणून कोणी 'पतित' असा अर्थ करितात, तर कोणी 'इतरांवर तुटून पडणारे' असा. इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथें ग्रीक भाषांतर झालें, तेव्हां भाषांतरकारांनीं 'राक्षसकाय पुरुष' या अर्थाचा शब्द योजला. त्यास 'गणना' या ग्रंथाचा आधार मिळतो. कनान देश पाहून आलेले हेर तेथें सांगतात, कीं आपण नेफिलीम पाहिले आणि त्यांच्यापुढें आपण टोळांसारखे दिसलों. मात्र प्रलयांत सर्व बुडाले असतां हे पुन्हां आले कोठून? ती भयभीत हेरांची अतिशयोक्ति होय, असें कित्येक टीकाकार म्हणतात.

देवपुत्रांविषयींचा सर्वांत जुना उपलब्ध अर्थ असा, कीं ते स्वर्गांतून उतरलेले देवदूत होत. 'हनोखाचा ग्रंथ' या प्राचीन यहूदी पुस्तकाचा हा भाग इ. स. पूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यांत या चार वचनांचें मोठें आख्यान झालें आहे. २०० दूत हर्मोन पर्वतावर उतरतात, शपथेनें परस्परांस बांधून घेतात आणि मानवकन्यांशीं विवाह करितात. त्यांची अवाढव्य संतति प्रथम मनुष्यांच्या श्रमाचें अन्न आणि मग मनुष्यांनाच खाऊं लागते. अजाजेल नांवाचा दूत तरवारी व कवचें घडविण्याची, तसेंच अलंकार व अंजन यांची विद्या शिकवितो. म्हणजे युद्ध आणि मोह हीं दोन्ही वरून आलीं. मनुष्य केवळ बिघडविला गेला! हा ग्रंथ संपूर्ण रूपानें इथिओपियांतील ख्रिस्ती मंडळीनेंच जपून ठेविला. जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशानें १७७३ सालीं त्याच्या प्रती युरोपांत आणिल्या, आणि १९५२ सालीं मृत समुद्राजवळ कुमरान येथील एका गुहेंत त्याचे अरामी भाषेंतील तुकडे सांपडले. पहिल्या शतकांतील इतिहासकार जोसीफस यानेंहि हाच अर्थ घेतला आहे. नव्या करारांत यहूदाच्या पत्रांत व पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत बंदींत पडलेल्या देवदूतांचा जो उल्लेख येतो, तोहि याच परंपरेस धरून आहे.

यहूदी धर्मगुरूंस मात्र पुढें हा अर्थ असह्य झाला. देवाचे सेवक स्त्रीमोहास बळी पडले असें म्हणणें म्हणजे देवाचाच अधिक्षेप! दुसऱ्या शतकांतील रब्बी शिमोन बार योहाय यांनीं 'देवपुत्र' असा शब्दशः अर्थ सांगणारांस शाप दिला, असें परंपरा सांगते. त्यांच्या मतें हे न्यायाधीशांचे पुत्र होत. ओंकेलोस याच्या नांवानें चालत आलेल्या अरामी भाषांतरांतहि 'थोरांचे पुत्र' असेंच आहे. हा अर्थ घेतला, कीं कथेचें रूपच पालटतें. मनास येतील त्या स्त्रिया घेऊन जाणारे हे मदांध सत्ताधीश ठरतात, आणि प्रलय हें त्यांच्या जुलमाचें फळ ठरतें.

ख्रिस्ती पंडितांनीं तिसरी वाट काढली. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतील जूलियस आफ्रिकानुस याच्या लेखनांत ती दिसते. पांचव्या शतकांत संत ऑगस्टीन यानें 'देवाचें नगर' या ग्रंथाच्या १५ व्या भागांत ती पक्की केली. देवपुत्र म्हणजे आदामाचा पुत्र शेथ याचे भाविक वंशज, आणि मानवकन्या म्हणजे बंधुघातकी काइनाच्या कुळांतल्या मुली. त्यांच्या संबंधानें धर्म बुडाला. स्वर्गांतील दूत लग्न करीत नाहींत, हें ख्रिस्ताचें वचन या पक्षास अनुकूल होतें. सोळाव्या शतकांत कॅल्व्हिन यानेंहि हेंच मत स्वीकारलें. परंतु यांतील उणीव लपत नाहीं. पहिल्या वचनांत 'मनुष्य' म्हणजे सारी मानवजात, आणि दुसऱ्यांत तोच शब्द केवळ काइनाच्या कुळापुरता, हें कसें?

शिवाय 'ईयोब' या ग्रंथांत देवापुढें उभे राहणारे देवपुत्र निःसंशय स्वर्गीय आहेत. १९२९ सालीं सीरियाच्या किनाऱ्यावर उगारीत या प्राचीन नगराचें उत्खनन सुरू झालें. तेथील मातीच्या विटांवरील लेखांत श्रेष्ठ देव एल याच्या पुत्रांच्या सभेचें वर्णन आहे. त्यामुळें शब्दार्थापुरतें पाहिल्यास देवदूतांचा पक्षच आज बळकट झाला आहे. तथापि १९६२ सालीं मेरेडिथ क्लाइन यांनीं देवत्व मिरविणाऱ्या प्राचीन राजांकडे बोट दाखविलें, आणि रब्बींचें मत नव्या वेषांत परत आलें.

मग पाप वरून आलें, असें समजावयाचें काय? येथें मूळ ग्रंथाची मांडणी पाहण्यासारखी आहे. चार वचनें संपतांच पांचव्यांत देवाची दृष्टि वळते ती देवपुत्रांकडे नव्हे, तर मनुष्याच्या दुष्टतेकडे आणि त्याच्या अंतःकरणांतील विचारांकडे. देवपुत्रांस शिक्षा झाल्याचा एक शब्दहि नाहीं. ग्रंथकारानें जुनी दंतकथा घेतली, परंतु दोषाचें ओझें स्वर्गावर टाकूं दिलें नाहीं. याहून नवल असें, कीं ज्या हनोखाच्या ग्रंथानें पतित दूतांची कथा इतकी रंगविली, त्याच्याच अखेरच्या भागांत पाप पृथ्वीवर पाठविलेलें नसून मनुष्यानें तें स्वतःच निर्माण केलें, असा स्पष्ट निर्वाळा आहे. नेफिलीम कोण होते याविषयीं मतें कितीहि भिन्न असोत. आपल्या कृत्यांचा जाब मनुष्यानेंच द्यावयाचा आहे, याविषयीं हे दोन्ही ग्रंथ अखेर एकाच ठिकाणीं येतात.