मूलपेशी: कागदावरच्या आणि कुपीतल्या

मागच्या वेळी आपण उंदराच्या भ्रूणातल्या मूलपेशींपाशी थांबलो होतो. त्या १९८१ मध्ये मिळाल्या. माणसाच्या पेशींसाठी आणखी १७ वर्षं गेली. नोव्हेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी पाच पेशीवंश जाहीर केले. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी तयार झालेले भ्रूण जोडप्यांनी संमतीनं दिले होते.

पण बशीत वाढतंय ते मूलपेशीच, हे कशावरून? थॉमसन यांच्या गटानं गुणसूत्रं तपासली, ती नेहमीसारखी होती. मग पेशी उंदरांना टोचल्या. ज्या गाठी झाल्या त्यांत आतड्याचं अस्तर, हाड, कूर्चा, चेतापेशी असं सगळं सापडलं. म्हणजे भ्रूणाचे तिन्ही थर आले. ओळख पटली ती अशी.

खरी परीक्षा पुढेच होती. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं, की केंद्र सरकारचा पैसा फक्त आधीच तयार असलेल्या पेशीवंशांवरच्या संशोधनाला मिळेल. यादीत साठाहून जास्त पेशीवंश होते. त्यात मुंबई आणि बंगळूरचेही, बरं का! प्रत्यक्षात संशोधकांच्या हाती आले वीस-एकवीस. काही तर द्रव नायट्रोजनमधून, उणे १९६ अंशांतून, बाहेर काढल्यावर वाढलेच नाहीत.

तेव्हा पेशी मिळवणाऱ्याचं नाव आपण लक्षात ठेवतो, ते योग्यच. पण रोज त्यांचं पोषकद्रव्य बदलणारा आणि कुपी नीट गोठवणारा माणूस नसेल, तर यादी कागदावरच राहते.