मकर : तोंड मृगाचे, शेपूट माशाचे

संक्रांतीमुळे पत्रिका न पाहणाऱ्यांच्याही तोंडी बसलेली रास म्हणजे मकर. हा मकर कोणता प्राणी, असे विचारले तर बहुतेक जण मगर म्हणतील. व्युत्पत्तीने ते बरोबरच आहे. संस्कृत ‘मकर’चेच प्राकृतातून ‘मगर’ झाले. (सुसर वेगळ्या कुळातली, ती ‘शिशुमार’वरून आली.) पण आकाशातला मकर मगर नव्हे.

त्याचे जुने घर बाबिलोनिया. तिथे तो सुहुरमाशू, म्हणजे पुढून बोकड, मागून मासा. भूगर्भातल्या गोड्या पाण्याचा देव एआ, त्याचे हे चिन्ह. तिथल्या दानलेखांच्या शिळांवर ते कोरलेले सापडते. ग्रीकांनी ही आकृती घेतली आणि तिला ‘ऐगोकेरोस’, बोकडाच्या शिंगांचा, असे नाव दिले. त्यांची कथा अशी : टायफॉन राक्षसाच्या भीतीने पॅन देवाने नाईल नदीत उडी घेतली, तेव्हा पाण्यावरचा देह बोकडाचा आणि पाण्यातला माशाचा झाला. आधी आकृती आणि मग कथा, हा क्रम इथे मला स्वच्छ दिसतो. अरबांच्या नावात तर मासा उरलाच नाही. त्यांच्याकडे ही रास ‘जदी’, म्हणजे करडू.

आपल्या वेदांग ज्योतिषात नक्षत्रे आहेत, मेष-वृषभादी राशी नाहीत. सहाव्या शतकातला वराहमिहिर ‘बृहज्जातका’त राशींची ग्रीक वळणाची नावे नोंदवतो : मेषाला क्रिय, वृश्चिकाला कौर्प्य आणि मकराला आकोकेर. आकोकेर म्हणजे ऐगोकेरोसच! पण तो शब्द रुजला नाही, कारण त्या जागेसाठी आपल्याकडे एक प्राणी आधीच तयार होता. गंगेचे आणि वरुणाचे वाहन मकर, कामदेवाच्या ध्वजावर मकर, देवळांच्या तोरणांत मकर, विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले. त्याचेही अंग जलचराचे आणि तोंड शिल्पांत कधी मगरीचे, कधी सोंडेसह हत्तीचे. अशा जोडप्राण्याला बोकड-माशाची जागा घेणे अवघड गेले नाही.

बोकडही पुरता गेला नाही. वराहमिहिरच या राशीचे वर्णन मृगाच्या तोंडाचा मकर असे करतो, आणि ज्योतिषग्रंथांत मकर राशीला नुसते ‘मृग’ही म्हणतात. आपल्या पावसाच्या मृगाशी त्याचा संबंध नाही. ते नक्षत्र वृषभ आणि मिथुन राशींत येते. संस्कृतात मृग म्हणजे हरीणच नव्हे, कोणतेही रानातले जनावर. बाबिलोनियातल्या बोकडाचे तोंड त्या शब्दात टिकले आहे.

कॅलेंडरांत मकर राशीला पुष्कळदा नुसती मगर काढतात. तिच्या जागी मृगमुखी मकर काढावा. त्याला वराहमिहिराचा आधार आहे.